ड्रायव्हर जेवला का?

माझ्या आत्याच्या मते जगात वाहन एकच आहे, ते म्हणजे एसटी. रिक्षा, रेल्वे, नवरदेवाची सजवलेली गाडी ही सगळी एसटीचीच भावंडं, आणि त्यांना नियमही एसटीचेच. मुखेडच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात तिचं आयुष्य गेलं, त्यामुळे रुमाल टाकल्याशिवाय तिला कुठंच बसता येत नाही. लातूरला दातांच्या दवाखान्यात त्या मागं कलणाऱ्या खुर्चीवरही तिनं आधी रुमाल टाकला आणि मगच चपला काढल्या. दुसरा नियम म्हणजे गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हर जेवला का, हे विचारायचं. "उपाशी मानसाचं ध्यान भाकरीवर असतंय, रस्त्यावर न्हाई," असं ती म्हणते. जेवला नसेल तर त्याला डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत गाडी थांबते. एकदा जळकोटच्या गाडीतल्या लोकांनी यावर कुरकुर केली, तर तिनं त्यांनाही एकेक दशमी वाटली. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. तोंडं भरलेली होती.

तिची खरी ख्याती मात्र गुद्द्यांची. आमच्याकडं बारशाला आत्यानं पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं, आणि ती वाकली की बायकांनी मागून तिच्या पाठीत गुद्दे घालायचे, अशी रीत आहे. बाकीच्या बायका हात लावल्यासारखं करतात. माझी आत्या पदर खोचून पुढं येते. एका बारशात तिचा गुद्दा बसला आणि तिची सख्खी नणंद बाळाचं नावच विसरली.

या हिवाळ्यात दादाला मुलगी झाली आणि मी आत्या झाले. बारसं दादाच्या घरी बंगळुरूला, संध्याकाळी. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी दुसऱ्या कुणाला तरी पुढं करते. शाळेतही मी हजेरीला हात वर करायचे, आवाज द्यायचे नाही. तरी नाव मीच ठेवायचं होतं, आणि मी पळ काढू नये म्हणून आत्या सोबत निघाली होती.

त्या दिवशी सकाळी नांदेडच्या विमानतळावर पोचलो तर बाहेर धुकं. समोरची झाडंसुद्धा दिसत नव्हती. आम्हाला नेणारं विमान हैदराबादहून यायचं होतं, ते अजून हैदराबादलाच थांबलं होतं. आत्यानं आधी गेटजवळच्या खुर्चीवर रुमाल टाकला, शेजारच्या खुर्चीवर माझी ओढणी टाकली, आणि मला घेऊन काउंटरवर गेली. तिथं निळ्या कोटातली एक मुलगी होती, छातीवर नाझिया असं नाव.

"ड्रायव्हर जेवला का गं?" आत्यानं विचारलं.

मी जमिनीकडं बघत राहिले. नाझिया हसली नाही.

"ते अजून हैदराबादला आहेत, आजी. इथं आले की विचारून सांगते."

"कुठली तू?"

"औशाची."

"मंग आपलीच हाय की."

त्यानंतर दर थोड्या वेळानं नाझिया स्वतः येऊन काय चाललंय ते सांगून जायची. मोघम बोलायची नाही. "धुकं उठल्याशिवाय निघणार नाही, आजी. निघालं की पहिल्यांदा तुम्हाला सांगते." सगळ्यांना चहा आणि गरम उपमा मिळाला. आत्यानं दशम्या काढल्या आणि नाझियाला बारशाची, गुद्द्यांची सगळी गोष्ट सांगितली. लातूरचे एक व्यापारी चहाला उठताना आपल्या खुर्चीवर रुमाल टाकून गेले, तेव्हा आत्यानं मान डोलावली.

मग दादाचा फोन आला. पाहुणे जमायला लागले होते, आणि आम्हाला उशीर झाला तर वहिनीची बहीण नाव ठेवायला तयार आहे, चालेल का, असं तो विचारत होता. मला हायसं वाटलं. मी "चालेल" म्हणणार, तोवर आत्यानं फोन घेतला.

"पाळना हलवत बसा. नाव थांबव. आत्या येऊन राहिली."

"कधी येईल पण?"

"धुकं उठल्यावर."

फोन माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "तुझं नाव मी ठेवलं. तवा मी बी अशीच भेले होते. तू ठेवली न्हाईस तर लेकराला आत्या हाय हे कळनार कसं?" नंतर खिडकीबाहेर झाडं दिसतात का, हे मीच बघायला लागले.

दुपारी विमान उतरलं. नाझिया जवळजवळ पळतच आली. "आजी, कॅप्टननी नाश्ता केलाय. पोटभर केलाय, म्हणाले."

"मंग निघू द्या."

आम्हाला शेजारी शेजारी जागा तिनंच मिळवून दिली होती. दारापाशी हळूच म्हणाली, "माझ्याकडून पण एक गुद्दा घाला." आत्यानं उरलेल्या दशम्या तिच्या हातात दिल्या.

आम्ही पोचलो तेव्हा पाळणा हलत होता. मी वाकले, कुर्र केलं, नाव सांगितलं आणि डोळे मिटून पाठ ताठ केली. दादाच्या शेजारणींना ही रीत ठाऊक नव्हती, त्या हात जोडून उभ्या होत्या. पाठीला काहीतरी हलकंसं लागलं. कुणाचा तरी पदर असेल, असं मला वाटलं. वळून पाहिलं तर आत्या होती. पदर खोचलेला, मूठ आवळलेली, धाप लागलेली.

"लई जोरात बसला का गं?" तिनं विचारलं.

"हो," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले आणि पाठ चोळत राहिले.