साहेबांची पांघरुणं

“माझ्या सख्ख्या बहिणीच्या अंगावरचं पांघरूण ओढताना तुझा हात कसा गं धजला?” सासूबाई काही केल्या विषय सोडत नव्हत्या.

“कामाच्या वेळी मी तोंडं बघत नाही हो, आई,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तराने ओशाळली.

इस्पितळात तिला सगळे मावशी म्हणत. झोपलेल्या पेशंटला जाग येऊ न देता अंगाखालची चादर बदलावी तर मावशींनीच. त्या हातखंड्याचा तिला कोण अभिमान! निदान आज दुपारपर्यंत तरी होता.

दुपारी साहेब आले. त्याआधी प्रत्येक खाटेवर नवंकोरं लोकरी पांघरूण पडलं. साहेबांनी एका म्हातारीच्या खांद्यावरचं पांघरूण सारखं केलं, “ही सगळी माझीच आईवडील मंडळी,” असं कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले आणि डोळे पुसले. गाड्या फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच मुकादम आला.

“मावशी, गोळा करा. उद्या साहेब मुलांच्या वॉर्डात येतायत, तिथे हीच लागतील. हात हलका ठेवा, बोंबाबोंब नको.”

बोंबाबोंब झालीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या एका बाईने तर आपणहून पाय उचलून दिले. ती मावससासू. संध्याकाळी भेटायला गेलेल्या सासूबाईंना तिनेच सांगितलं, तेही कौतुकाने: “तुझी सून कामाला वाघ आहे हो! मला थंडी वाजायच्या आत घडी घालून मोकळी.”

वाघ! तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

“एवढं काय मनाला लावून घेतेस?” नवरा म्हणाला. “साहेब गेले की सगळीकडेच आवराआवर होते. पुढच्या महिन्यात कायम करतायत तुला. आता नसतं खुसपट काढू नकोस.”

“तू गप्प बस,” सासूबाई लेकावर उसळल्या. “टीव्हीवर साहेब रडले की तुझ्या नाकाला पाणी सुटतं. मतं देणारे तुम्हीच!”

“आई, तू मध्ये पडू नकोस गं.”

तिचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. मुलं पांघरूण मुठीत धरून झोपतात. एकेक मूठ सोडवावी लागेल. आणि आपल्याला ते जमेल, एकही मूल उठणार नाही, याचीच तिला लाज वाटली.

तिने ताट बाजूला सारलं.

“उद्या पांघरुणं घालीन, पण काढणार नाही,” ती म्हणाली. “मुकादमाला सकाळीच तसं सांगणार आहे. कायम नाही केलं, तर नाही.”