पूजेच्या ट्रेला पडलेले खड्डे

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी प्रसूतिगृहातल्या स्टीलच्या ट्रेची वाट लावली, आणि तीही भक्तिभावानं. नवमीला आमच्याकडे कात्र्या-चिमट्यांची पूजा व्हायची. माझा ट्रे सगळ्यांत जास्त चमकावा, म्हणून ब्लीचिंग पावडरचं घट्ट पाणी करून तो मी दिवसभर त्यात बुडवून ठेवला. संडास पांढराशुभ्र होतो, मग स्टील तर आरशासारखं होईल, ही माझी अक्कल! संध्याकाळी बाहेर काढला तर अंगभर तपकिरी खड्डे.

नागपूरच्या महाल भागातलं ते छोटं प्रसूतिगृह. मी विशीतली, तात्पुरती आया. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मोठ्या सिस्टरांच्या हातात. त्यांनी ट्रे उजेडात धरला.

"काहून वं, पूजेची तयारी करून राहिली होती का लोणचं घालून राहिली होती?"

"जंतू तर मेले असतील ना, सिस्टर?"

"जंतू मेले, अन् ट्रेबी मेला. तुह्या कायमचं आता उन्हाळ्यात पाहू."

म्हणजे सहा-सात महिने टांगलेली. पण त्या बाईनं मला नुसतं टांगलं नाही, शिकवलंही. ब्लीचिंग फरशीला, मोरीला, संडासाला. स्टीलच्या ट्रॉलीला स्पिरिट. बाळंतपणाच्या टेबलाला आणि रबराच्या चादरीला कार्बोलिकचं पाणी. "पहिले साबणानं घासजो. मळावर औषध टाकशील तर ते मळासंगंच भांडत बसते, जंतूपावतर पोचतच नाही." आणि औषध लावलं की दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मगच साध्या पाण्यानं पुसायचं.

हे ओलं ठेवणं मला काही पचेना. सासरी फरशी ओली राहिली की सून आळशी ठरायची. मी औषध लावायची आणि पाठोपाठ कोरडा फडका मारायची. फार टापटीप! जंतूंना नुसती आंघोळ घालून सोडून देत होते, हे मला कळायला दिवाळी उलटावी लागली.

मग मे महिना आला. नागपूरचा मे, कूलर घरघरतोय आणि खोली तरी भट्टीच. एक दिवस माझ्या लक्षात आलं, टेबलावरचं औषध चार मिनिटांतच वाळतंय. वाळल्यावर दहा मिनिटं मोजून काय उपयोग? मी पुन्हा ओला फडका फिरवला. वाळलं, पुन्हा फिरवला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, बरं का. अजूनही सांगताना माझी मान ताठ होते.

त्याच आठवड्यात एक बाळंतीण टेबलावरून हलली आणि दुसरी बाहेर बाकावर कळा देत बसली. डॉक्टरसाहेब घाईत.

"बाई, पुसा ते टेबल, घ्या तिला आत."

"सहा मिनिटं राहिली, साहेब."

"कोरडं तर दिसून राहिलं!"

"म्हणूनच पुन्हा ओलं करून राहिले."

मी फडका फिरवतच राहिले. साहेबांनी एक शब्द टाकला असता तर माझं कायम होणं तिथंच संपलं असतं. त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी बाकावरच्या बाईला तपासलं होतं, त्या शांतपणे म्हणाल्या, "तिले अजून तासभर तरी आहे, साहेब." आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. साहेबही राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या फडक्यासाठी कोणी थांबलं होतं. सहा मिनिटं भरली, मी साध्या पाण्यानं टेबल पुसलं आणि रुबाबात दार उघडलं.

त्या बाईला मुलगी झाली, चांगली रडकी. मी बादली धुवत होते, तेव्हा सिस्टर तो खड्डेवाला ट्रे घेऊन आल्या. मला वाटलं, आता घरी पाठवताना हाही हातात देतात की काय. त्यांनी तो मोरीवरच्या खिळ्याला टांगला.

"याले फेकू नोको वं. नव्या पोरी आल्या का त्याइले दाखवजो, अन् सांगजो, हे जिनं केलं तिनं पुसलेलं टेबल सिस्टर दुसऱ्यांदा तपासत नाही. चाल, तुह्या कायमच्या कागदावर सही करून आली मी."