खाटेमागची भिंत

आईच्या खाटेमागच्या भिंतीवर तेलाचा डाग आहे. वर्षानुवर्षं ती तिथंच डोकं टेकून बसायची. रंगारी म्हणाला, "साहेब, बाकी जुना रंग पक्का आहे, प्रायमर नको. एवढ्या डागावर मारू, नाहीतर तो परत वर येईल."

माणूस हलवता येतो. त्याचं टेकणं भिंतीत मुरलेलं असतं.

'रंगकाम होईपर्यंतच' असं सांगून मी आईला वृद्धाश्रमात ठेवलंय. तिला परत आणायचं नाही, हे घरात ठरलंय. तिला ते सांगायचं धाडस माझ्यात नाही. आज सकाळीच तिचा फोन आला, "वाळला का रे रंग? कधी येतोस न्यायला?"

"सगळ्या खोलीला प्रायमर मारा," मी रंगाऱ्याला म्हणालो.

"कशाला साहेब? उगाच दिवस वाढतील."

"वाढू देत."