म्हाळसाबाईची परत आलेली कॅसेट

प्रतिभाची सेकंड शिफ्ट असली की म्हाळसाबाईचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि कधी संपतो ते तिचं तिलाच कळत नाही. म्हशीचं शेण, दूध, डेअरीची किटली, धुणं, मग लेकीचा डबा. प्रतिभा कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. नवऱ्याशी पटलं नाही, म्हणून तीन वर्षांपासून वरवंडला आईकडेच राहते. बाप गळिताच्या हंगामात कारखान्यावर असतो. त्यामुळे दिवाळीनंतर घरात या दोघीच आणि म्हाळसाबाईचे गुडघे. गुडघ्यांना ती घरातलं तिसरं माणूस म्हणते, कारण त्यांचंही रोज काहीतरी मागणं असतं.

गेल्या आषाढातली गोष्ट. प्रतिभा कामावरून आली आणि चप्पलही न काढता दारातच उभी राहिली.

"आये, कंपनीच्या बसमधे तुझा आवाज वाजला."

"माझा कशाला वाजंल? मी काय हॉर्न हाय?"

"ड्रायव्हरनं मोबाईलवर लावलं हुतं. कुनीतरी बाई ओवी म्हनत हुती. मला वाटलं आसंल कुनीतरी. मग मधेच पोरगं रडलं आन् ती बाई म्हनली, 'आले गं बया, आले'. आये, मी उडालेच. तू रोज अशीच म्हनतीस. म्हशीला सुदिक."

म्हाळसाबाई भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"ते रडनारं पोरगं तूच," ती म्हणाली. "हात धू, जेवून घे."

अठ्ठावीस वर्षं आईने गायलेलं प्रतिभाने ऐकलं नव्हतं. देवापुढे नाही, लग्नाच्या मांडवात नाही, चुलीपाशी गुणगुणणंसुद्धा नाही.

म्हाळसाबाई ओवी शिकली ती बापाच्या मेंढरांमागे चालताना. ढोलाच्या तालावरची ही मेंढपाळांची ओवी पुरुषांची. बायका ऐकायला बसत. पण बापाला मुलगा नव्हता आणि वाट लांबची होती. बापाने तिला पहिली गोष्ट शिकवली ती अशी, की ओवी एकदा उचलली की पुरी करूनच खाली ठेवायची. मधे कोल्हा आला, पाऊस आला, तरी तोंडाने ओवी चालूच ठेवायची आणि हाताने काय ते करायचं. अर्धी टाकली तर ज्याचं नाव घेऊन सुरू केली तो देव वाटेतच उभा राहतो.

लग्न होऊन ती वरवंडला आली. सासऱ्यांनी मेंढरं विकून विहीर पाडलेली. एका लग्नात तिचा आवाज दौंडच्या अकबरभाईंनी ऐकला. स्टेशनजवळ त्यांचं कॅसेटचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून ते स्वतः रेकॉर्डिंग करत. ते घरी आले, सासऱ्यांपुढे बसले, तीन वेळा चहा प्याले आणि परवानगी घेऊन उठले. प्रतिभा तेव्हा सहा महिन्यांची. तिला गादीवर निजवून म्हाळसाबाई गायली. पहिल्या बाजूला बापाच्या ओव्या, मेंढरांना घालायच्या हाकांसकट. मधे पोर उठलं. ओवी थांबवायची नाही, म्हणून तिने त्याच सुरात पोरीला हाक दिली, उचलून छातीशी लावलं आणि पुढची ओळ घेतली. अकबरभाईंनी ते तसंच ठेवलं. दुसऱ्या बाजूला तिची स्वतःची ओवी होती, नव्या नवरीची. ती तिने कुणाकडून घेतली नव्हती. रात्री पोरीला पाजताना मनात जुळवलेली.

शिरूरच्या एका साप्ताहिकात तेव्हा नव्या कॅसेटींवर लिहून येई. लिहिणारे तात्याबा गुरुजी. म्हाळसाबाईच्याच समाजातले, त्यांच्यात तालुक्यात सर्वांत आधी बी.एड. झालेले. त्यांचं नाव वाचून सासरे खूश झाले. आपला माणूस म्हटल्यावर चार बरे शब्द असणारच. भावकी गोळा झाली आणि नवऱ्याने अंक मोठ्याने वाचला. "मध्येच बाळ रडते, मध्येच मेंढरांना हाका. घर कुठे संपते आणि कला कुठे सुरू होते, हे गायिकेस उमगलेले नाही. दुसरी बाजूही याहून वेगळी नाही."

सासरे उठून गोठ्यात गेले. दोन महिन्यांनी गावोगावच्या दुकानांतून निम्म्याहून जास्त कॅसेटी अकबरभाईंकडे परत आल्या.

म्हाळसाबाईला गाऊ नको असं कुणी म्हटलं नाही. ते तिचं तिनेच केलं. बाळाचं, हाकांचं तिला फारसं लागलं नव्हतं. लागलं ते शेवटचं, दुसऱ्या बाजूचं वाक्य. परक्याने लिहिलं असतं तर तेही सोडून दिलं असतं. पण आपल्यातल्या शिकलेल्या माणसाने ती ओवी ऐकून असं म्हटलं, म्हणजे तसंच असणार.

अकबरभाई दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची लेक सुफिया शाळेत शिकवते. दुकान रिकामं करताना तिला परत आलेल्या कॅसेटींचं खोकं सापडलं. बुरशीने बहुतेक गेलेल्या. एक चालली. तिची पहिली बाजू तिने मोबाईलवर घेऊन नेटवर टाकली, अब्बांची आठवण म्हणून. मग ती ओवी ट्रकवाल्यांकडे गेली, कोकणात उतरणाऱ्या मेंढपाळांकडे गेली, ज्यांच्या घरची मेंढरं कधीच विकली गेलीत अशांच्या पोरांकडे गेली. लोक तेच ऐकत होते, बाळ रडतं ते आणि हाका येतात ते. कुणी लिहिलं होतं, आमची आई अशीच गायची. कुणी लिहिलं होतं, ही हाक लावली की आमची म्हातारी उठून बसते.

प्रतिभा हे सगळं वाचून दाखवायची.

"बरं," म्हाळसाबाई म्हणायची. "अजून किती हाय? मला धार काढायचीय."

कार्तिकातल्या एका दुपारी सुफिया आली. सोबत तात्याबा गुरुजी. पंच्याहत्तरी उलटलेले, कानात यंत्र, हातात काठी. प्रतिभाची त्या दिवशी सुट्टी होती. तिने खुर्ची पुसून दिली, पण चेहरा वाकडाच ठेवला. म्हाळसाबाई मेथी निवडत होती, ती तशीच बसून राहिली.

"मावशी," सुफिया म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी शिरूरला तुमचा सत्कार ठेवलाय. गुरुजी सगळ्यांसमोर बोलणार आहेत. आणि तुम्ही थोडं गायचं."

"माझी शिफ्ट हाय त्या दिवशी," प्रतिभा म्हणाली.

"तुला कुठं बोलावलंय गं?" म्हाळसाबाई म्हणाली. मग गुरुजींकडे वळली. "गुरुजी, चहा घ्याल का साखर बंद हाय?"

"बंदच हाय. बिनसाखरेचा द्या," गुरुजी म्हणाले. थोडा वेळ ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले. "म्हाळसाबाई, चुकलं माझं. त्या हाका, ते लेकरू. आता ऐकलं तवा कळलं."

"लोक म्हनाय लागल्यावर कळलं," प्रतिभा चहा ठेवता ठेवता आतून म्हणाली.

"व्हय. तसंच," गुरुजी म्हणाले.

म्हाळसाबाईने मेथीच्या काड्या एका बाजूला केल्या. "त्याचं जाऊ द्या. मला एकच सांगा. दुसऱ्या बाजूला काय वाईट हुतं?"

गुरुजी काठीकडेच पाहत राहिले. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून सुफियाने मोठ्याने विचारलं, "गुरुजी, दुसऱ्या बाजूचं विचारतायत."

"ऐकलं मी." त्यांनी चष्मा काढला. "ती बाजू मी ऐकलीच न्हवती."

म्हाळसाबाईचा हात मेथीतच राहिला.

"स्टाफरूममधे लावली हुती कॅसेट. पहिलीच हाक आली आन् सगळे हसले. एकजन म्हनला, गुरुजी, तुमची मेंढरं सुटली वाटतं. मी बटन दाबलं आन् कॅसेट ड्रॉवरमधे टाकली. घरी जाऊन पहिली बाजू कशीबशी ऐकली, दार लावून. दुसरीला हात लावला न्हाई. ऐकल्याशिवायच लिहिलं."

चहा उतू गेल्याचा वास आला. प्रतिभा धावली नाही. म्हाळसाबाईच गुडघ्यावर हात देऊन उठली, गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला, फडकं पिळलं, पुन्हा पुसला. परत येऊन बसली तेव्हा तिच्या तोंडावर राग नव्हता. दुपारी जरा पडावं आणि कुणीतरी उठवावं, तसा चेहरा होता.

"कॅसेट आणलीये मी," सुफिया हळूच म्हणाली. "अब्बांचा टेपरेकॉर्डरही. दुसरी बाजू अजून घेतली नाही मोबाईलवर. तुम्हाला विचारून घ्यावी म्हटलं."

"लाव."

अकबरभाईंचा टेप घरघरला. मग सव्वीस वर्षांची म्हाळसा देवाचं नाव घेऊन गाऊ लागली. प्रतिभा स्वयंपाकघराच्या दारात येऊन टेकली. गुरुजी पुढे वाकले, कानातलं यंत्र बोटाने दाबत.

*नवी नवरी वाड्यावरी, तिला कुणी नाव पुसंना,*
*कोकरू घेतलं पदरात, त्याला त्याची माय दिसंना...*

तिसरी ओळ अर्ध्यात आली आणि आवाज जाड झाला, लांबला, बसला. सुफियाने झडप घालून बटण दाबलं. झाकण उघडलं तर पट्टी आतल्या चाकांना गुंडाळली होती. तिने ओढली तशी ती सुरकुतत बाहेर आली आणि एका जागी तुटली.

"या अल्लाह. मावशी, माझंच चुकलं. आधीच घ्यायला हवी होती."

गुरुजी त्या पट्टीकडे पाहत राहिले. "पुढं काय हुतं?" त्यांनी विचारलं.

म्हाळसाबाईने मेथीची पुढची जुडी सोडली. दोन काड्या निवडल्या. तिसरी हातात धरली आणि मान खाली घालूनच ती तुटलेल्या जागेपासून म्हणू लागली. आवाज खरखरीत होता, खालच्या पट्टीत. वर जायच्या जागी तो फाटला, तिला खोकला आला. खोकून झाल्यावर तिने तीच ओळ पुन्हा घेतली.

*माय त्याची गेली पुढं, धूळ बसली रानात,*
*त्याची हाक राहिली बाई माझ्या एका कानात.*

सुफियाचा हात पर्सकडे गेला.

"फोन ठेव खाली," म्हाळसाबाई दोन ओळींच्या मधे, त्याच सुरात म्हणाली आणि पुढे गेली. बाहेर म्हैस ओरडली, तिलाही ओवीतूनच "आले गं बया" झालं. प्रतिभाने तोंडावर पदर धरला. शेवटी ज्या देवाचं नाव घेतलं होतं त्याला हात जोडून ओवी संपली. मेथी अजून निम्मी राहिली होती.

गुरुजींनी चष्मा पुसून घातला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आता ऐकलंत न्हवं सगळं?" म्हाळसाबाई म्हणाली. "मग लिवा आता, काय लिवायचं ते. मी काय वाचनार न्हाई. आन् शिरूरला मी येत न्हाई गुरुजी, तिथं तुमचं तुम्ही बोला. माझं झालं."

मग तिने प्रतिभाला बिनसाखरेचा चहा पुन्हा ठेवायला सांगितलं, आणि धारेची वेळ झाली होती म्हणून बादली घेऊन भिंतीला धरत गोठ्याकडे गेली.