हंगेरी सर आणि चाळीस वाक्यं

हंगेरी सर कोणतंही व्याकरणाचं पुस्तक शेवटच्या पानापासून वाचत. सरावाची वाक्यं तिथे असतात, आणि पुस्तक कशासाठी लिहिलं ते त्यांतूनच कळतं, असं त्यांचं म्हणणं.

समुद्रपूरला ते आम्हाला मराठी शिकवायचे. जन्म मात्र पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा. घरी कोलामी, शाळेत मराठी, कॉलेजात हिंदी. वर्ध्याला हिंदी शिकायला आलेल्या एका क्रोएशियन मुलाशी त्यांची मैत्री झाली. त्याने परत गेल्यावर क्रोएशियन लोकांसाठी लिहिलेल्या जुन्या हंगेरियन व्याकरणांच्या झेरॉक्स पाठवल्या, त्यांवरून सर दोन्ही भाषा वाचायला शिकले, आणि त्यांना हे नाव पडलं. सरांच्या बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "हंगेरीले गेले असते तं निदान एक फोटो तरी राह्यला असता."

निवृत्तीनंतर सर त्या पुस्तकांचा इतिहास लिहीत होते. मला शेजारी बसवून दाखवायचे. "हे आधीचं पाह्य. क्रोएशियावाले मर्जीनं शिकून राह्यले. बाजार, पाव, मावशीची तब्येत. मंग हंगेरीवाल्यांनी यांच्या शाळांत आपली भाषा सक्तीची केली. आता वाक्यं पाह्य. अर्ज, हुकूम, दंड. मावशी कुठं गेली?"

"मेली असन, सर."

ते हसले नाहीत.

मी मोजणी खात्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात होऊ घातलेल्या एका तलावाच्या मोजणीआधी आम्हाला पुस्तिका वाटली, मराठी माणसांसाठी कोलामी. सरांना आनंद होईल म्हणून मी ती घेऊन गेलो. आपली भाषा छापलेली पाहून त्यांनी आधी हात पुसले. मग शेवटचं पान उघडलं.

"घरात किती माणसं? विहीर कोणाची? कागद आहे का? सामान किती?"

चाळीस वाक्यं होती. मी मोजली. खुशाली विचारणारं एकही नव्हतं.

"हे उलटं पुस्तक हाय," सर म्हणाले. "इथं साहेबच शिकून राह्यले. साहेब आपली भाषा शिकते तवा त्याले घाई असते. तलाव कुठं हाय, बाबू?"

मी गावांची नावं सांगितली. त्यांत त्यांच्या बहिणीचं पोड होतं.

"अजून काही नक्की नाई, सर. नुसती मोजणी हाय."

"मंग सामान किती, हे काऊन इचारतेत?"

काकू आता नव्हत्या. त्याच आठवड्यात सर बहिणीकडे राहायला निघाले. झेरॉक्सचा गठ्ठा माझ्या हातात दिला. "तुह्याकडंच राहू दे. तिकडं पाणी येईन." एसटीत चढताना मागे वळले. "तू येशीन तवा कोलामीत इचारजो. उच्चार चुकला तं मी उत्तर देणार नाई."

पोडावरच्या घरांना आता चुन्याने आकडे घातले आहेत. सोमवारी माझी ड्यूटी तिथेच लागली आहे. पुस्तिकेतलं पहिलं वाक्य मी रोज आंघोळ करताना कोलामीत म्हणून पाहतो. घरात किती माणसं?

उच्चार आता चुकत नाही.