लग्नाला हरकत

माझे यजमान आयुष्यभर ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आमच्या बदल्या होत गेल्या. आधी सातारा, मग तासगाव, आष्टा आणि शेवटी कवठे महांकाळ. मी त्या त्या गावच्या शाळेत शिकवीत असे आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेत असे. निवृत्तीनंतर आम्ही सांगलीत स्थायिक झालो. अलीकडे त्यांची स्मृती क्षीण होत गेली. उपासनेचा सगळा क्रम अजून तोंडपाठ, पण सकाळी मी चहा पुढे केला की ते अदबीने विचारत, "बाई, आपण कोणत्या मंडळीच्या?"

म्हणून, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी आम्ही वचने पुन्हा घ्यावीत असे मंडळीने ठरवले, तेव्हा मी नको म्हटले. घरात मी सोसत होते. सर्वांसमोर त्यांनी मला परकी ठरवले, तर ते मला सोसले नसते.

नवे तरुण पाळक म्हणाले, "बाई, प्रश्न मी विचारीन. साहेबांनी फक्त 'होय' म्हणायचं." तेव्हा मी तयार झाले.

लग्नविधीत पाळक प्रथम विचारतात, या लग्नाला कोणाची हरकत आहे काय. हरकत नसेल, तरच ते वराकडे वळतात. त्या दिवशी विधीचे पुस्तक उघडलेले दिसताच यजमानांनी ते तरुण पाळकांच्या हातून सहज काढून घेतले, वेदीपाशी आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले आणि हरकतीचा प्रश्न खणखणीत आवाजात विचारला.

पहिल्या बाकावर कवठे महांकाळची एक बाई होती. तिचे लग्न त्यांनीच लावले होते. ती मला म्हणाली, "आवं बाई, सायेब लगीन लावाय लागल्यात का करून घ्याय?" मागचे बाकही हसले.

यजमानांनी इकडेतिकडे पाहिले. "वर कुठे आहे?"

हसणे थांबले. तरुण पाळक पुढे सरसावले. मी त्यांना हातानेच थांबवले.

"वर तुम्हीच आहात," मी म्हणाले.

"आणि वधू?"

"मी."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग पुस्तक मिटले.

"मग हरकत आहे," ते मंडळीला म्हणाले. "हिचं लग्न झालेलं आहे. साताऱ्याला, माझ्याशीच. लागलेलं लग्न मला पुन्हा लावता येणार नाही."

"खरं हाय की," पहिल्या बाकावरून आवाज आला.

तरुण पाळक गोंधळले, पण सावरले. "मग साहेब, निदान आशीर्वाद तरी द्या."

त्यांनी हात उंचावला. आशीर्वादाच्या वेळी डोळे मिटावेत, असे मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आले. त्या दिवशी मात्र मी ते मिटले नाहीत. त्यांची नजर माझ्यावर होती.