साहेबाचा चिन्नोर

माझा बाप गावात हुशार म्हणून ओळखला जायचा, आणि त्याच्या हुशारीनेच माझी फौज गेली. हे वाक्य त्याच्या हयातीत मी एकदाही तोंडातून काढलं नाही. आता काढतो.

सौंदडपासून चार कोसांवर आमचं गाव. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, होती तोवर मालगुजाराचा माणूस दारावर काठी आपटायचा आणि बेगारीला घेऊन जायचा. मोठ्यांनी मालकाच्या धानाच्या बांध्यांत आधी रोवणा, म्हणजे लावणी, करायचा, पोरांनी मालकाची गुरं राखायची. बापाने त्यावर तोड काढली होती. मालकाशी भांडायचं नाही, ताकद दाखवायची नाही; आपण किती गयेगुजरे आहोत ते हात जोडून सांगायचं. मी सात-आठ वर्षांचा असताना तो मला मालकाच्या अंगणात न्यायचा. वाटेवरचं चिंचेचं झाड आलं की म्हणायचा, आता लंगड. मी डावा पाय ओढायला लागायचो. पोराचा पाय अधू आहे, बैलाने तुडवला, असं बाप रडवेल्या आवाजात सांगायचा. मालक वैतागून हात हलवायचा आणि माझी गुरं राखायची पाळी टळायची. परत येताना चिंच ओलांडली की मी धूम ठोकायचो. बाप मागून हसत यायचा. त्याला माझं फार कौतुक वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही स्वतःचं वाटायचं.

मोठा झाल्यावर मात्र त्या अंगणाची आठवण आली की कानशिलं तापायची. मालगुजारी गेली, मालक नुसता शेतवाला उरला, तरी रस्त्यात दिसला की तो मला विचारायचा, "काय गा, पाय बरा झाला का?" मी खाली मान घालायचो. एकोणिसाव्या वर्षी गोंदियात भरती आहे असं ऐकलं आणि मी घरी न विचारता गेलो. देशासाठी वगैरे नंतर शिकवलं त्यांनी. मला फक्त एवढंच हवं होतं की जन्मात पुन्हा कोणापुढे लंगडायचं नाही.

छावणीत सगळे रंगरूट कवायत शिकवणाऱ्या उस्तादाला शिव्या द्यायचे. मला तो आवडायचा. छाती बाहेर, नजर समोर, हनुवटी वर, असं दिवसभर ओरडून सांगणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. बापाने वाकायला शिकवलं होतं, हा ताठ उभं राहायला शिकवत होता. पळण्यात मी आमच्या प्लाटूनमध्ये पहिला यायचो. धानाच्या चिखलात वाढलेल्या पायांना कोरडं मैदान म्हणजे काहीच नाही. उस्तादाने एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "इसके पैर देखो, सालों." ते ऐकून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका मी खूश होतो.

शपथ घेऊन पक्का शिपाई व्हायच्या कसम परेडला दीड महिना उरला असताना नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी मारताना माझा उजवा पाय काठावर घसरला. गुडघा आतल्या आत फिरला. दवाखान्यातल्या डॉक्टरने पाहून सांगितलं की तीन महिने लागतील, मग मागच्या तुकडीबरोबर पुन्हा सुरुवात कर. मी एवढ्यावरही राजी होतो. घरी कार्ड लिहिलं की गुडघ्याला लागलं आहे, काळजी करू नका, तीन महिन्यांनी पुन्हा उभा राहतो. ते कार्ड मी लिहायलाच नको होतं.

महिनाभराने मला डॉक्टरी बोर्डासमोर उभं केलं. टेबलावर एक पत्र होतं. अक्षर आमच्या गावच्या मास्तराचं, गोल गोल, मी लांबूनच ओळखलं. कचेरीतल्या बाबूने ते बोर्डाच्या साहेबाला हिंदीत वाचून दाखवलं. मायबाप सरकार, माझ्या पोराचा पाय लहानपणापासून अधू आहे, बैलाने तुडवला होता, त्याला जड काम झेपत नाही, गरिबावर दया करून बसल्या जागचं हलकं काम द्यावं. खाली बापाचा अंगठा. जित्याची खोड जाते कुठे! बापाला मालक ठाऊक होता, म्हणून त्याला वाटलं फौजसुद्धा मालकाचं अंगणच आहे.

मी लहानपणी लंगडायचो तो डाव्या पायाने. मोडला होता उजवा. पण अर्जीत नुसतं पाय असं लिहिलं होतं, आणि ते कोणी विचारलं नाही.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने कागद बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "ये सच है? या तेरा बाप झूठ बोलता है?"

एवढंच सांगायचं होतं की हो साहेब, झूठ बोलतो. आयुष्यभर बोलत आला. मी ते सांगितलं असतं तर कदाचित राहिलो असतो, मागच्या तुकडीत उभा असतो, ताठ. पण चार परकी माणसं खुर्च्यांवर बसली होती, आणि टेबलावर माझ्या बापाचा अंगठा होता. मला काय झालं देव जाणे. मी म्हणालो, "नहीं साहब, मेरा बाप झूठ नहीं बोलता."

मग काय, दुखापत जुनी ठरली, भरतीच्या वेळी मी ती लपवली असं ठरलं. गुडघा पुरता बरा व्हायच्या आत नाव कापल्याचा कागद हातात पडला, येत असल्याचं कार्ड घरी टाकलं आणि मी लोखंडी पेटी घेऊन छोट्या लाइनच्या गाडीत बसलो. उस्तादाला सांगायलाही गेलो नाही. त्याच्यासमोर लंगडत जायची हिंमत नव्हती.

सौंदडच्या ठेसनावर बाप खासर जुंपून उभा होता. बैलांच्या शिंगांना रंग लावला होता त्याने. माझी पेटी उचलून गाडीत ठेवली आणि पाठीवर हात मारला.

"अर्जी लागू पडली, पाह्य," तो म्हणाला. "म्या हलकं काम मांगलो होतो, साहेबानं तुले घरीच धाडलं. मालक असो का साहेब, गरिबाचं आयकतेच."

मी गाडीत चढून त्याच्याकडे पाठ करून बसलो. राग इतका आला होता की तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, सांगता येत नाही. बाप मात्र रस्ताभर गाणं गुणगुणत होता.

पुढचे सहा महिने म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाप गावभर अर्जीची गोष्ट सांगत हिंडायचा. लोक त्याला विचारायला यायचे की मजकूर कसा घातला. माझा गुडघा दवाखान्यात अर्धाच सांधला होता, इथे चिखलात उभं राहून तो कायमचा वाकडा झाला. रोवण्याच्या दिवसांत बायका ओळीने पुढे जायच्या आणि मी रोपांच्या मुठी फेकत मागे राहायचो. रस्त्यात मालक भेटला. या वेळी त्याने काही विचारलं नाही, नुसतं पायाकडे पाहिलं. त्याचं विचारणं बरं होतं असं मला वाटलं.

धान निघालं तेव्हा बापाने नवीनच काढलं. पूर्वी मालकाने बेगार माफ केली की बाप नव्या चिन्नोराच्या दोन पायल्या त्याच्या घरी पोचवायचा. बारीक, वासाचा तांदूळ. आम्ही तो पिकवायचो, खायचो मात्र जाडा. आता त्याने आईकडून चिन्नोर उखळात कांडून घेतला, नव्या फडक्यात बांधला आणि माझ्यापुढे ठेवला. साहेबाला नेऊन दे म्हणाला. मी नको म्हणालो तर त्याचा चेहरा पडला. "काऊन? उपकार ठेवाचे नसते, बाबू."

मी गेलो. खरंच छावणीपर्यंत गेलो. फाटकावरच्या शिपायाने साहेबाची बदली झाल्याचं सांगितलं. आत नवे रंगरूट त्याच खड्ड्यावरून उड्या मारत होते. गठुडं काखेत धरून मी बराच वेळ कुंपणाशी उभा होतो. शेवटी शिपाई म्हणाला, "चलो भैया, आगे बढ़ो." परतताना गोंदियाच्या फलाटावर ते गठुडं मी एका हमालाला देऊन टाकलं. तो दोन वेळा विचारून गेला की खरंच देताय का.

घरी सांगितलं की साहेबाने घेतलं, तुम्हाला रामराम सांगितला. बाप इतका फुलला की बस. म्हणाला, "मंग पुढच्या साली तीन पायल्या धाडू."

पुढची पाच वर्षं मी दर हंगामाला तो तांदूळ घेऊन निघायचो, गोंदियाला उतरायचो आणि त्याच हमालाला द्यायचो. नंतर नंतर तो माझी वाट पाहायला लागला. मी परत येऊन साहेबाची खुशाली सांगायचो. माझ्या थापांत साहेबाला मी एक पोरगीसुद्धा दिली, तिचं लग्न लावून दिलं. दर वेळी येताना ठरवायचो की आज बापाला सगळं सांगायचं, तुझ्या अर्जीने मला घरी आणलं नाही, हाकलून दिलं. दर वेळी तो ओसरीवर वाट पाहत बसलेला असायचा.

सहाव्या वर्षी पूस महिन्यात बाप अंथरुणाला खिळला. एका दुपारी मला जवळ बसवून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्या अधू म्हणलो," तो म्हणाला, "अन् हा खरंच अधू झाला. माह्या तोंडानं झालं का गा?"

सांगायची वेळ आली होती. मीच ती घालवली. म्हणालो, "नाही बाबा. खड्ड्यात मोडला."

"साहेबाचा चिन्नोर बाजूले ठेवला हाये. नेऊन देजो."

"हो," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात बाप गेला. तेरवीच्या जेवणाला माणसं जास्त आली. तांदूळ कमी पडायला लागला तेव्हा आईने विचारलं, साहेबाचा काढू का. मी काढ म्हणालो. इतक्या वर्षांत तो तांदूळ आमच्या चुलीवर पहिल्यांदाच चढला. वास अंगणभर झाला. शेवटच्या पंगतीला मी उजवा पाय लांब करून बसलो आणि तीन वेळा भात मागून घेतला. पोरगा बापाच्या तेरवीला पोट फुटेस्तोवर जेवला, असं गावात बरेच दिवस बोलत होते.